गिरणी चालू असेपर्यंत

माझी आई गिरणी चालू असतानाच गात असे. इंजिन बंद झाले की ती गप्प. घरी भाकरी थापताना, धान्य निवडताना, नातवंडांना झोपवताना तिच्या तोंडून कधी सूर निघालेला मी ऐकला नाही. पण डोणगावात आमच्या पिठाच्या गिरणीचे इंजिन धडधडू लागले, पट्टा फिरू लागला आणि समोरच्या माणसाशी ओरडल्याशिवाय बोलता येईनासे झाले, की तिचे ओठ हलू लागत. ती गात असे आणि ते कोणालाही ऐकू येत नसे. नऊ वर्षे हे असे चालले.

बायकांना ओठ दिसत. त्यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. आमच्या शेजारची सखूबाई रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "नर्मदाबाई पिठावर मंत्र टाकते वं. म्हून तं तिच्या गिरणीच्या पिठाची भाकर चिरत नाही." दोघीतिघी तर आजारी लेकराच्या पेजेसाठी ज्वारी घेऊन येत आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगत, "काकू, याच्यावर जरा जास्त पुटपुटजा." आई मान हलवी आणि खरोखरच जास्त पुटपुटे. मी एकदा तिला म्हटले, "माय, त्याहीले खरं सांगून टाक ना." ती म्हणाली, "काय सांगू? मंत्र म्हटलं तं पाया पडतात, गाणं म्हटलं तं तोंड वाकडं करतात. राहू दे मंत्रच."

आईबद्दल लिहायला बसले की माणसे हळवी होतात. मला राग येतो. तो कोणाकोणाचा येतो ते मी एकेक करून लिहिणार आहे. त्यात मीही आहे.

पहिला राग एका बारशाचा. ते मी पाहिलेले नाही, आत्याकडून ऐकले आहे. आईचे माहेर धामणगाव बढ्याचे. तिच्या वडिलांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी भजन बसे आणि मुलींना तिथून कोणी हाकलत नसे. त्यामुळे तिला शेकड्याने पदे पाठ होती, आणि आवाज असा होता की मोट हाकणारा माणूस शेतात थांबे, असे आत्याच सांगे. लग्न होऊन डोणगावला आली त्याच वर्षी घरात एक बारसे झाले. बायकांनी नव्या सुनेला आग्रह केला आणि तिने पाळणा म्हटला. मोकळ्या गळ्याने म्हटला. बाहेर ओट्यावर पुरुष बसले होते. त्यातला एक दूरचा काका म्हणाला, "घरात लावणीची बैठक बसवली वाट्टे?" सगळे हसले. माझे वडील तेव्हा वीस वर्षांचे होते. ते उठून आत गेले, सगळ्या बायकांदेखत आईला म्हणाले, "आजपासून आवाज दाराभायेर नाही गेला पायजे," आणि परत येऊन ओट्यावर बसले.

बस, एवढेच. त्यांनी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नाही, तिला उपाशी ठेवले नाही, दारूला शिवले नाहीत. गावात हे त्यांचे मोठेपण म्हणून सांगतात. मोजणी खात्यात मी बावीस वर्षे साखळी धरून शेतांच्या हद्दी मोजल्या आहेत. ज्या मापाने त्यांचे मोठेपण मोजतात त्या मापाने मी शेणाची गोवरीही मोजणार नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी वडिलांनी गिरणी घातली. हौस त्यांची होती. पण पिठाची धूळ त्यांच्या छातीला सोसेना. चौथ्या दिवशी त्यांना अशी धाप लागली की दोघांनी धरून घरी आणावे लागले. ठेवलेला गडी दगडांची फट नीट राखीना, पीठ कधी रवाळ तर कधी करपलेले येई, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे वळू लागले. तेव्हा आई एक दिवस डोक्याला फडके बांधून गिरणीत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही, असे म्हटले तरी चालेल. बाईने रोज नऊ तास इंजिन हाकले, डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत पांढरी झाली, पट्ट्याजवळ हात घातला, तरी आमच्या घराण्याचे नाक जाग्यावर राहिले. फक्त तिने गायचे नव्हते.

सकाळी सात ते बारा आणि दुपारी दोन ते सहा ही गिरणीची वेळ. त्याआधी पाणी, झाडलोट, दोन वेळच्या भाकरी, गोठा. बाजाराच्या दिवशी गिरणीची रांग रस्त्यापर्यंत जाई. अमावस्येला इंजिन बंद असे, पण त्या दिवशी ती दगडांना टाकी लावी. दगड गुळगुळीत झाले की धान्य दळले न जाता नुसते चेंगरते. म्हणून वरचा दगड उतरवून छिन्नी-हातोडीने दोन्ही दगडांवर बारीक खाचा पाडाव्या लागतात. माणसे हे काम कंटाळत करतात. आई त्या दिवसाची वाट पाही. दगडावर मांडी ठोकून बसे, आणि तिची हातोडी चार मात्रांत चाले. तीन ठोके सारखे, चौथा जरा दाबून. मधेच दुप्पट होई, पुन्हा मूळ चालीवर येई. वडील बाहेर खाटेवर पडून तो आवाज ऐकत आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, "पाहा, कशी मन लावून काम करून राह्यली." घरच्या माणसाने भर दुपारी त्यांच्या देखत तास तास ठेका धरला होता आणि त्यांना ते काम वाटत होते. मला याचे तेव्हा हसू येई. आता येत नाही.

तिचे शौक मोजायचे तर बोटांवर मावतील. चुलीत भाजलेला हरभरा पदराच्या गाठीला बांधून आणायचा आणि दर पायलीच्या दळणाला दोन दाणे तोंडात टाकायचे. रस्त्याने एकतारीवाला गेला की त्याला हाक मारून त्याच्या झोळीत पीठ घालायचे आणि तो जे म्हणेल ते एकदाच, पण पापणी न हलवता ऐकायचे. एकदा ऐकलेले पुरे असे. कोणी चुकीचे म्हटले की तिला अंगावर पाल पडल्यासारखे होई. देवळात सप्ताह असला की पुरुषांचे भजन आणि त्यामागे ध्रुपद ओढणाऱ्या झीलकऱ्यांचे आवाज गिरणीपर्यंत ऐकू येत. ती डोळे मिटून म्हणे, "तो दुसरा झील मधातच पडते पाहा. दरसाल तथीच पडते." पण हे ती मला सांगे, त्या झीलकऱ्याला नाही.

ती गाते हे मला कळले तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो. मेहकरच्या कचेरीत नोकरीला होतो आणि रविवारी घरी येत असे. तिला जेवायला बोलवायला गेलो. हाका मारून उपयोग नव्हता, म्हणून तिच्या मागे जाऊन खांद्यावर हात ठेवणार तोच माझा कान तिच्या तोंडाशी आला. मी तिथेच थांबलो. मला गाण्यातले फार कळत नाही. पण मोजणीत साखळी ताणून धरली की ती जशी सरळ होते, कुठे झोळ राहत नाही, तसा तो आवाज होता. इंजिनाचा धडधडता आवाज खाली आणि तिचा सूर त्यावर बरोबर बसलेला. तिने मला पाहिले आणि तोंड मिटले.

"काय पाह्यतं रे?"

"माय, तू गाऊन राह्यली?"

"मोठ्यानं नको बोलू."

मी हसलो. त्या आवाजात मोठ्याने बोलल्याशिवाय तिला ते ऐकू तरी कसे आले असते? मी पुन्हा तिच्या कानाशी ओरडलो, "इथंच काऊन गातं? घरी काऊन नाही?"

ती म्हणाली, "इथं माह्या आवाजाले कोणी मालक नाही, बापू."

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. मला वाटले, मी तिचे गुपित राखतो आहे. खरे म्हणजे बापासमोर जाऊन "हिला गाऊ द्या" एवढे तीन शब्द म्हणायची माझी छाती नव्हती, आणि गुपित राखणे हे त्याला बरे दिसणारे नाव होते. त्याऐवजी मी माझ्या स्वभावाप्रमाणे मोजले. एका रविवारी गिरणीच्या दारात घड्याळ घेऊन बसलो आणि तिचे ओठ पाहिले. एका तासात बावीस मिनिटे. नऊ तासांचे झाले एकशे अठ्ठ्याण्णव मिनिटे, म्हणजे तीन तास अठरा मिनिटे. वर्षाचे दिवस तीनशे धरले तर नऊशे नव्वद तास. नऊ वर्षांचे आठ हजार नऊशे दहा. एवढे तास एक बाई भर गावात गायली आणि गावाला तिच्या आवाजाचा पत्ता नव्हता.

मग तिचे कान जाऊ लागले. आधी ती एकतारीवाल्याला "मोठ्यानं म्हण रे बाप्पा" म्हणू लागली. मग झीलकऱ्याची चूक तिने दाखवणे बंद झाले. एका सप्ताहात मी मुद्दाम विचारले, "दुसरा झील पडला का नाही यंदा?" ती म्हणाली, "भजन चालू झालं काय?" तेव्हा भजन चालू होऊन अर्धा तास झाला होता.

मी तिला अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, इंजिनापासून ती किती अंतरावर उभी राहते, किती तास, किती वर्षे, हे सारे विचारले. मी फूट-इंचात सांगितले. डॉक्टर म्हणाले, "गेलेले परत येणार नाही. राहिलेले वाचवायचे असेल तर हे इंजिन बंद करा." येताना बसमध्ये मी तिला हे दोनदा, ओरडून सांगितले. सगळी बस ऐकत होती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्याच सुमारास गावात वीज आली होती. इंजिन काढून विजेची मोटर बसवायची, हे मी ठरवले. मोटरला धडधड नसते, धूर नसतो, हँडल मारावे लागत नाही. वडिलांना तर नव्या यंत्राची हौसच. आई एकटी नको म्हणाली.

"मोटर नको मले."

वडील म्हणाले, "काऊन नको? साऱ्या दुनियेत मोटरी लागून राह्यल्या."

"पीठ गरम येते मोटरीचं."

"कोण म्हटलं तुले?"

"मी म्हणतो ना," आई म्हणाली.

मला खरे कारण ठाऊक होते. मी तिला एकीकडे नेऊन ओरडलो, "माय, कान जातील पुरे! मग काय करशीन?"

तिने जे उत्तर दिले त्याचा मला त्या दिवशी अतिशय राग आला. ती म्हणाली, "कान कायले पायजेत मले? आयकाले काय हाये इथं? तोंड राहू द्या माहं."

मी ते ऐकले नाही. तिचे कान वाचवायचे हे मी ठरवले होते, आणि एकदा आकडे माझ्या बाजूने आले की मी कोणाचे ऐकत नाही. हा माझा जुना दोष आहे. घरातली माणसे त्याला प्रामाणिकपणा म्हणतात.

मी चार दिवसांची रजा टाकली. मिस्त्रीबरोबर उभा राहून मोटर बसवून घेतली. पायाचे बोल्ट मोजले, चाकांमधले अंतर मोजले, पट्ट्याची लांबी तीन वेळा मोजली. एकच गोष्ट करायची राहिली. ही मोटर चालू असताना तुझा आवाज बाहेर जाईल, हे आईला सांगायचे राहिले. तिला ते ठाऊकच आहे असे मी धरून चाललो. दळण दळू लागल्यावर दगडांची घरघर तेवढी उरली, आणि ती बाहेर गिरणीच्या ओट्यापर्यंत जेमतेम पोचत होती. पण आईला मुळात कमी ऐकू येत होते. इंजिन चालू आहे की नाही हे ती बरेच दिवस हाताने ओळखत होती. दगडाच्या लाकडी खोक्यावर तळवा ठेवायची, तो थरथरला की गिरणी चालू. मोटरीवरही तो तसाच थरथरला, आणि आवाजही तेवढाच असेल असे तिला वाटले.

पहिल्याच दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, रांगेत चौदा माणसे होती. वडील ओट्यावर खुर्ची टाकून नवे यंत्र मिरवत बसले होते. आईने सखूबाईची ज्वारी नरसाळ्यात ओतली, तळवा खोक्यावर ठेवला आणि नऊ वर्षांच्या सवयीने, इंजिन धडधडत असल्यासारखे पुऱ्या आवाजात, गायला सुरुवात केली.

रांग जागच्या जागी थिजली. असा आवाज त्या गावात कोणी ऐकला नव्हता. पहिली ओवी माहेरच्या विहिरीवरची होती. दुसरी एका मेलेल्या बैलाची. तिने त्या स्वतः बांधल्या होत्या, हे मला तेव्हाच कळले. मी मिनिटे मोजली होती आणि ती काय गाते हे इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते. लोक एकमेकांकडे पाहत होते. सखूबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. मग आईने तिसरी ओवी घेतली:

"गिरणीच्या दगडाले, तोंड हाये, कान नाही,
घरच्या माह्या धन्याले, कान दोन, ऐकू नाही."

वडील खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावर काय आहे ते मला वाचता येत नव्हते. रांगेत महादू नावाचा एक रिकामटेकडा होता. तो म्हणाला, "अबे, काकू तं फडावरची निघाली!" दोघेतिघे फिसकन हसले.

त्या क्षणी मी काय काय करू शकलो असतो, याची यादी मी नंतर पुष्कळदा केली आहे. महादूच्या थोबाडीत देता आली असती. हसणाऱ्यांना त्यांच्या डब्यांसकट हाकलता आले असते. काहीच न करता ऐकत उभे राहता आले असते, आणि तेच बरोबर होते. मी भिंतीकडे गेलो आणि मोटरीचे बटण दाबले.

दगड थांबले. तिच्या तळव्याखालची थरथर थांबली. तिने चौथी ओवी नुकती उचलली होती. "बसला गा…" एवढे दोन शब्द त्या शांततेत एकटे ऐकू आले. मग तिने मागे वळून पाहिले. चौदा माणसे, ओट्यावर उभा नवरा, आणि बटणावर हात ठेवलेला मी.

"बंद काऊन केलं?" तिने मला विचारले.

तिने पुन्हा लोकांच्या तोंडांकडे पाहिले आणि तिला सगळे कळले. डोक्याचे फडके सोडून तिने झटकले, पुन्हा बांधले, आणि म्हणाली, "चालू कर. सखूबाईचं अर्धं राह्यलं."

मी घड्याळ पाहिले होते. पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. चार मिनिटे. आठ हजार नऊशे दहा तासांतली चार मिनिटे लोकांनी ऐकली, आणि ती मी तोडली.

त्या रात्री वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला. "हे कधीपासून?"

"इंजिन बसवलं तवापासून."

"तुले मालूम होतं?"

"हो."

"अन् मले सांगतलं नाही."

मला त्यांना विचारायचे होते की सांगितले असते तर तुम्ही काय केले असते. विचारले नाही. माझी रजा संपली आणि मी मेहकरला गेलो.

पुढच्या रविवारी आलो तर ओट्यावर खुर्ची नव्हती. ती गिरणीच्या आत, दगडांपासून हातभर अंतरावर ठेवलेली होती, आणि तिच्यात वडील तोंडाला उपरणे गुंडाळून बसले होते. पिठाचा धुरळा उडत होता. ते खोकत होते, डोळे पुसत होते, पण उठत नव्हते. आई नरसाळ्यात धान्य ओतत होती. तिचे तोंड बंद होते.

मी त्यांना बाहेर बोलावले. "बाबा, छाती फुटीन तुमची. इथं काऊन बसता?"

"बसतो," ते म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. पस्तीस वर्षे उशिरा येऊन हा माणूस आता पुढच्या रांगेत बसला आहे, असे मला वाटले. ती गात होती तेव्हा खाटेवर पडून हातोडी ऐकत होता. आता ती गात नाही तर खोकत बसला आहे. मी हे माझ्या बायकोजवळ बोललो. ती म्हणाली, "बसू द्या ना. तुमाले काय करते?" मला तिचाही राग आला. मी रविवारी येई, दारात पाच-दहा मिनिटे उभा राही, आई मला पाहून हसे आणि ओठ मिटून काम करी. मी मनात लिहून टाकले की ती त्या दिवसानंतर गायली नाही. शून्य. माझ्याकडून तो आकडा पक्का झाला.

चार वर्षे तिने मोटरीवर गिरणी चालवली. शेवटी तिला अजिबात ऐकू येत नव्हते. मोटर लावून मी तिचे कान वाचवले नाहीत. डॉक्टरांनी राहिलेले वाचेल म्हटले होते, तेही वाचले नाही. ती तापाने गेली, आठव्या दिवशी. मी पोचलो तेव्हा तिला न्हाऊ घातले होते. केसांच्या मुळाशी पीठ तसेच राहिले होते.

तेरवीला जेवणे झाल्यावर लोक मांडवात बसले. आमच्या गावात अशा वेळी कोणीतरी चार शब्द बोलतो. एक जुने मास्तर उठले. वयाने मोठे, माझेही गुरू. ते म्हणाले, "नर्मदाबाई म्हणजे शांतीची मूर्ती. एवढी वर्षं गिरणी चालवली, पण त्या माउलीचा आवाज गावात कोणी ऐकला नाही." लोकांनी माना डोलावल्या. महादूही तिथे होता. त्यानेही मान डोलावली.

मी आयुष्यात सभेत बोललो नव्हतो. तरी उठलो. मी म्हणालो, "मास्तर, खोटं बोलू नका. ती शांत नव्हती. रोज तीन तास गात होती. तुम्ही तिच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या, त्यातली एक भाकर गाण्याशिवाय झाली नाही. अन् आवाज कोणी ऐकला नाही असं नाही. चौदा जणांनी ऐकला. त्यातले इथं नऊ बसले आहेत, मी मोजले. दोघंतिघं हसले. बटण मी दाबलं."

मग मी तिसरी ओवी म्हटली. मला गाता येत नाही, मी ती सरळ बोलून दाखवली. वडील समोरच बसले होते. त्यांना लागावी म्हणूनच मी म्हटली, हे मी लपवत नाही. दगडाला तोंड आहे, कान नाही. धन्याला कान दोन, ऐकू नाही.

वडील बसल्या जागेवरून म्हणाले, "पुढची राह्यली."

"कोणती पुढची?"

"तू बंद केली ते." त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत सगळे थांबले. मग त्यांनी, चालीशिवाय, पण चौथा ठोका जरा दाबून, मांडीवर हात मारत ती ओवी म्हटली:

"बसला गा ओट्यावरी, दार मधी, भिंत नाही,
एक पाऊल टाकले तं, आत याले बंदी नाही."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"तुम्हाले कशी ठाऊक?" मी विचारले. "त्या दिवशी तं दोनच शब्द…"

"मंग म्हटली ना. हळू म्हणे. जवळ बसलं तं ऐकू ये. तिले वाटे मले ऐकू येत नाही. का मले येते हे तिले ठाऊक होतं, काय माहीत. मी विचारलं नाही."

"मी आलो का तिचं तोंड बंद असे."

"तू आला का बंद करे."

हे ते शांतपणे म्हणाले. मला राग आला. त्यांचा आला, तिचा आला, त्या मास्तरांचा, माझ्या घड्याळाचा आला. चार वर्षे मी दारात उभा राहून पक्का केलेला आकडा चुकीचा होता, आणि तो दुरुस्त करायला माझ्याकडे काही नव्हते. तरी मी सवयीने विचारले, "किती वेळ म्हणे रोज? तास, दीड तास?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. बारशाच्या दिवशी आत जाऊन ते वाक्य बोलणारा तो माणूस आता अर्धा उरला होता. उपरण्याने त्यांनी तोंड पुसले.

"मोजाले कोण बसलं होतं, बापू? मी आयकत होतो."